दारावर हात ठेवून बोलणारे डॉक्टर

या, अशा जवळ सरका. तिकडे भिंतीला टेकून बसलात की मला ओरडावं लागतं, आणि ही ओरडून सांगायची गोष्ट नाही. आणि हे आल्याआल्या तुमचं जे सुरू झालं, की आजकालचे डॉक्टर बोलत नाहीत, तोंडाकडे बघत नाहीत, ते जरा आवरा बरं. तुम्ही तरी तिथे जाऊन कुठे खरं बोलता? गोळ्या घेतल्या का म्हटलं की मान हलवता, आणि घरी पाकीट तसंच्या तसं. मला सगळं माहीत आहे. मी बसले आहे त्या बाजूला.

एक डॉक्टर होते. सर्जन. नाव नाही सांगत, तसं कबूल केलं होतं मी. त्यांची सवय अशी, की कुणाला काहीही सांगायचं असो, ते दारावर हात ठेवून सांगायचे. अर्धं अंग खोलीत, अर्धं बाहेर. एका पायावर उभे असल्यासारखे. "टाके सुकले, मंगळवारी या, तिखट बंद. समजलं न? समजलं." विचारायचेही तेच आणि उत्तरही तेच द्यायचे. समोरचा माणूस तोंड उघडेपर्यंत दार आपोआप बंद होत असायचं.

मी त्यांना दोन बाजूंनी ओळखते. एका बाजूनं, आमच्या मोठ्या जाऊबाईंचे डॉक्टर म्हणून. त्यांनी जाऊबाईंचं पित्ताशय काढलं होतं, आणि त्यानंतर दर तपासणीला जाऊबाईंना रागवायचे. लोणचं खाल्लं ना परत, जिभेचं ऑपरेशन करून टाकू का आता, असं. दुसरी बाई असती तर रडली असती. जाऊबाई दवाखान्यातून खुश होऊन निघायच्या. रिक्षात बसल्या की म्हणायच्या, "आज लय बोलला मले. म्हणजे तब्येत ठीक हाय." मी सोबत असायचे, पण त्या दोघांच्या भांडणात मला तोंड उघडायला जागाच नसायची. मला, बघा. मला.

दुसऱ्या बाजूची गोष्ट जरा सांभाळून ऐका, ती विचित्र आहे.

आमच्या सक्करदऱ्याच्या घरून मी कितीतरी वर्षं मेडिकलच्या पोरापोरींचे डबे दिले. त्यातली एक, पोळीला तूप लावू नका म्हणून रोज भांडणारी, पुढे एका कॉलेजात शिकवायला लागली. काय शिकवते गं, म्हटलं. तर म्हणाली, डॉक्टरांना बोलायला शिकवते. मी हसले. एवढं शिकून शेवटी बोलणंच राहून गेलं का? ती म्हणाली, मावशी, हसू नका, मला तुमचा आवाज पाहिजे.

तर तिथे एक खोली होती. डॉक्टर डोळ्यांवर तो मोठा चष्मा चढवायचे, पोहायच्या चष्म्यासारखा पण डबा लावलेला. त्यात त्यांना दवाखान्याची खोली दिसायची, खाट दिसायची आणि खाटेवर एक आजी. आजी कॉम्प्युटरनं काढलेली. तिच्याशी बोलून शिकायचं, म्हणजे चुकलं तरी कुणा खऱ्या आजीचा जीव दुखत नाही. पण ती आजी आधी बातम्या दिल्यासारखी बोलायची. "मला उदरात तीव्र वेदना होत आहेत." आमच्याकडे अशी कोण बोलते? म्हणून मग मी. शेजारच्या खोलीत, कानाला यंत्र, तोंडापुढे माईक, समोर एक छोटा पडदा, त्यात डॉक्टर दिसायचे. मी बोलले की आजीचे ओठ हलायचे. आजीनं मान हलवायचं एक बटण होतं, डोळे पुसायचं एक. आजीचा पदर उजव्या खांद्यावर होता, तो मी भांडून डावीकडे आणवला.

अट एकच. आत कोण बोलतं ते डॉक्टरांना कळू द्यायचं नाही, आणि आत काय ऐकलं ते बाहेर बोलायचं नाही. ते सगळं पोटात ठेवून मी घरी जाऊबाईंपुढे पोट दाबून बसायचे. त्या म्हणायच्या, काय झालं वं तुले, गॅस झाला काय?

तर एक दिवस त्या पडद्यावर कोण उभं? आमचे हेच डॉक्टर.

त्यांना शिक्षा म्हणून पाठवलं होतं, असं मॅडमनं हळूच सांगितलं. मॅडम म्हणजे ती तूप नको म्हणणारी. एका पेशंटच्या घरच्यांनी तक्रार केली होती. हे शिक्षण पूर्ण होऊन मॅडम चांगलं लिहून देत नाही तोवर ऑपरेशन करा, पण पेशंटशी आणि नातेवाइकांशी तुम्ही बोलायचं नाही, ज्युनिअर बोलतील, असं दवाखान्यानं ठरवलं होतं. दुसऱ्या कुणाला हे बरं वाटलं असतं. कटकट गेली. पण त्यांच्याकडे बघून तसं वाटेना. माणूस पिंजऱ्यातल्यासारखा फिरत होता.

आणि फिरणं म्हणजे खरंच फिरणं हो. चष्मा लावला की आत दिसणाऱ्या दाराकडे ते चालत निघायचे. खऱ्या खोलीत तिथे दार नव्हतं, लोखंडी कपाट होतं. पहिल्या दिवशी कपाळ आपटलं. दुसऱ्या वेळी मॅडमनं कपाटाला गादी बांधली. हे गादीवर हात ठेवून उभे, आणि खाटेवरच्या आजीला सांगताहेत, "गाठ आहे. काढता येणार नाही. औषधं लिहून देतो. समजलं न? समजलं." मी डोळे पुसायचं बटण दाबलं. त्यांचं लक्षच नव्हतं. माझ्या पडद्यावर खाली एक पट्टी असायची, पेशंटला धीर आला की हिरवी होणारी. ती लालभडक.

मॅडम त्यांना शांतपणे सांगायची. सर, स्टूल ओढा. बसा. आधी विचारा, तुम्हाला काय वाटतंय. मग थांबा. सांगून झालं की त्यांना काय समजलं ते त्यांच्या तोंडून ऐका. हे शेवटचं तर त्यांना बिलकुल जमेना. थांबायचं म्हटलं की गुडघा हलायला लागायचा, बोटं पेन टकटक करायची, माझ्या कानात पाऊस पडल्यासारखं. मीही तिकडे अस्वस्थ. कधीकधी वाटायचं आजीच्या तोंडून सांगून टाकावं, बस रे बाबा, जरा बस.

पण माणूस जिद्दी. हळूहळू बसायला लागले. आवाज खाली आणला. "आजी, तुमच्या मनात काय चाललंय?" म्हणायला लागले. परीक्षेला पाठ केलेलं म्हणतात तसं, पण म्हणायला लागले. पट्टी पिवळी झाली. एकदा तर हिरवी झाली, तेव्हा मॅडमनं पडद्यातून मला अंगठा दाखवला.

आणि मग तो इतवारीच्या व्यापाऱ्याचा घोळ झाला. तो माणूस यांचा जुना पेशंट, वर्षानुवर्षं यांच्या शिव्या खाल्लेला. पित्ताचे खडे, दुसरं काही नाही. हे राउंडला जाताजाता सहज डोकावले, आणि बोलायची मनाई असली तरी एवढं चालतं म्हणून शिकलेलं करून बघितलं. स्टूल ओढलं. बसले. त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि हळू आवाजात विचारलं, "शेठ, तुमच्या मनात काय चाललंय?"

शेठचा चेहरा पांढरा पडला. ज्या डॉक्टरनं जन्मात कधी बूड टेकलं नाही तो आज बसला, म्हणजे आपलं संपलं. त्यानं पुढचं काही ऐकलंच नाही. डॉक्टर गेल्यावर गोंदियाच्या लेकीला फोन, रायपूरच्या लेकीला फोन, कपाटाच्या चाव्या बायकोच्या हातात. सकाळी वॉर्डात सगळं खानदान रडत उभं. पित्ताच्या खड्यांसाठी.

हसा, मीही हसले होते. पण त्या दिवशी डॉक्टर जे कॉलेजात आले ते हसत नव्हते. मॅडम फोनवर बोलत बाहेर गेली होती. त्यांनी चष्मा चढवला, बसले नाहीत, दाराकडेही गेले नाहीत. खाटेवरच्या आजीसमोर नुसते येरझारा घालायला लागले आणि एकदम म्हणाले, "आजी, रागावलो तर तक्रार, गोड बोललो तर रडारड. मी बोलू तरी कसं? तुम्हीच सांगा."

मला बोलायला जो कागद द्यायचे त्यावर असलं काही नव्हतं. मी गडबडले. म्हटलं, "मले काय इचारता बाप्पा, मी तर डब्ब्यातली बाई."

ते थांबले. आणि मग असे हसले, असे हसले, की चष्मा नाकावरून घसरला. हसू ओसरल्यावर, कुणी खरंखुरं ऐकत नाही अशा समजुतीनं, त्यांनी ती तक्रारीची गोष्ट सांगितली.

एका म्हाताऱ्याच्या पायाचं ऑपरेशन होतं. पाय वाचला नाही, कापावा लागला, माणूस वाचला. मुलगा लिफ्टपाशी भेटला, खाली आईला चहा द्यायला निघालेला, लिफ्टमध्ये चढलेला. हे पुढच्या केसला पळत होते. जाताजाता म्हणाले, "आम्ही खूप प्रयत्न केला, पण," आणि लिफ्टचं दार बंद झालं. मुलगा अर्धं वाक्य घेऊन खाली गेला. हे जिन्यानं धावत उतरले तोवर खाली आईनं हंबरडा फोडला होता आणि गावाकडे फोन गेला होता. माणूस जिवंत आहे हे सांगायला त्यांना कुणी तोंडच उघडू देईना. गर्दीतून एकानं कॉलर धरली.

"आधी घाईनं थांबायचो नाही, तेव्हापासून भीतीनं थांबत नाही," ते आजीला म्हणाले. "वाटतं, याला काय समजलं ते मला कळलंच नाही पाहिजे."

मी बटण दाबलं नाही. मान हलवायचंही नाही, डोळे पुसायचंही नाही. माझेच पुसत बसले होते. मग मॅडम आली आणि त्या दिवसाचा पाठ राहून गेला.

आता इथून पुढे माझ्या घरचं आहे.

त्याच दिवसांत जाऊबाईंचं वजन उतरायला लागलं. पाठ दुखायची, जेवण जाईना. लोणचंसुद्धा नको म्हणाल्या तेव्हा मला धडकी भरली. तपासण्या झाल्या. रिपोर्टच्या आदल्या दिवशी हैदराबादहून त्यांच्या मुलाचा फोन. तिकडे बसून त्यानं दवाखान्याशी बोलून घेतलं होतं. गाठ आहे, लिव्हरपर्यंत गेलेली, फार काही हाती नाही. आणि वर मला म्हणाला, "काकू, आईले काही सांगायचं नाही. मी डॉक्टरलेही सांगून ठेवलं."

तो वाईट मुलगा नाही हो. आपल्याकडे असंच चालतं, तुमच्या घरीही चाललं असेल. घरातल्या सगळ्यांना माहीत, आजाऱ्याला सोडून. पण त्या कॉम्प्युटरच्या आजीला तिच्या पोटात काय आहे ते डॉक्टर रोज सांगायचे, आणि ते मी तिच्या जागी बसून ऐकायचे. आणि माझ्या शेजारच्या खाटेवर झोपणाऱ्या बाईला ते सांगायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात एका तरुण डॉक्टरणीनं आम्हाला बसवलं. चांगली पोरगी, मनापासून करणारी. तिनं स्टूल ओढलं. जाऊबाईंचा हात हातात घेतला. आजी, कसं वाटतंय तुम्हाला, असं इतक्या हळू विचारलं की जाऊबाईंनी तो हात काढून घेतला. मग ती मला म्हणाली, काकू, तुम्ही जरा बाहेर येता का?

जाऊबाई उठून उभ्या राहिल्या. "तिले बाहेर काहून नेता? पोट माझं हाय." आणि मग, "तो कुठं हाय? माझ्यावर ओरडणारा?"

पोरगी म्हणाली, सर आता पेशंटशी बोलत नाहीत. जाऊबाई म्हणाल्या, मग मीही ऐकत नाही. आणि पिशवी काखेत मारून बाहेर कॉरिडॉरमध्ये येऊन उभ्या. मी मागे, समजूत घालत. म्हटलं, "जाऊबाई, जरा ऐका, बसा दोन घडी, ती पोरगी भल्यासाठीच सांगून राहिली."

समोरून डॉक्टर येत होते. नेहमीसारखे, पळत. माझा आवाज ऐकला आणि जागच्या जागी थांबले. त्या माणसाला इतकं स्तब्ध मी कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, पदराकडे बघितलं, परत तोंडाकडे.

"आजी?"

मी बटण दाबल्यासारखी मान हलवली.

"सगळं ऐकलं तुम्ही," ते म्हणाले. विचारलं नाही, म्हणाले.

"हो," म्हटलं.

मला वाटलं आता रागावतील. पण जाऊबाईंनी मध्येच त्यांना गाठलं. "काहून गा डॉक्टर, तोंड लपवून राहिला? मले त्या पोरीकडं पाठवते? ते मले गोड बोलून राहिली. माझ्या पोटात काय हाय ते सांग."

डॉक्टरणीनं मध्ये पडून हळूच आठवण करून दिली, की सर, तुम्हाला बोलायची परवानगी नाही, आणि मुलानं सांगू नका म्हटलंय. डॉक्टर तिच्याकडे बघत म्हणाले, "पोट कोणाचं आहे?" मग जाऊबाईंकडे वळले.

"काकू, चला. मले बसून सांगता येत नाही. चालता चालता सांगतो."

त्या दवाखान्याला स्ट्रेचर न्यायचा उतार आहे, वळणावळणानं खाली जाणारा. त्या उतारावरून दोघं निघाले. तो उंच माणूस, लहान लहान पावलं टाकत, आणि या ठेंगण्या, कठड्याला धरून. मी पाठीमागून, फाइल आणि पाण्याची बाटली घेऊन. त्यांच्यात आणि माझ्यात एक वळण राहील एवढं अंतर मी ठेवलं. जन्मभर कान टवकारून जगलेली बाई मी, पण त्या दिवशी पाय पुढे जाईनात. एक वळण उतरले की ते थांबायचे, काहीतरी बोलायचे आणि गप्प व्हायचे. गप्प म्हणजे पूर्ण गप्प. पेन वाजत नव्हतं. एका वळणावर जाऊबाईंनी कठड्यावरचा हात काढून भिंतीला लावला आणि तशाच उभ्या राहिल्या. खालून एक रिकामं स्ट्रेचर वर येत होतं, ते ढकलणारा माणूसही यांना बघून थांबला. डॉक्टरांनी खांद्यावर हात ठेवला नाही. नुसते उभे होते, जिथे त्या उभ्या होत्या तिथेच.

खाली पोचेपर्यंत बोलणं उलटं झालं होतं. जाऊबाई बोटांवर मोजत सांगत होत्या आणि डॉक्टर ऐकत होते. मला कळलं काय चाललंय ते. जाऊबाईंना काय समजलं ते डॉक्टर त्यांच्याच तोंडून ऐकून घेत होते. एकदा त्यांनी मान हलवून काही दुरुस्त केलं. एकदा जाऊबाईंनीच त्यांना झापलं. शेवटी त्या म्हणाल्या, तेवढं मला ऐकू आलं, "समजलं मले. आता तू जाय, तुले कामं हायेत."

रिक्षात बसलो. मी विचारलं, काय म्हणाले? तर म्हणाल्या, "ते त्याचं न माझं हाय."

मुलानं तिकडून तक्रार टाकली. सांगू नका म्हटलं असताना सांगितलं म्हणून. दुसरी तक्रार म्हटल्यावर दवाखान्याची बैठक बसली, मॅडमकडून कागद मागवले. मॅडम धावत होती, त्यांच्यासाठी भांडत होती. पण तो माणूस बैठकीची वाट बघणाऱ्यातला नव्हता. राजीनामा देऊन मोकळे. गडचिरोलीच्या वाटेवर एक लहान दवाखाना आहे, तिथे गेले. इकडे जाऊबाईंनी मुलाला फोन लावून असं काही सुनावलं की शेजारच्या घरातला टीव्ही बंद झाला. माझ्याच पोटातलं मले नाही सांगत, तू काय माझा बाप लागून गेला? मुलगा रडला. तक्रार मागे घेतली. पण तोवर डॉक्टर गेले होते.

त्यानंतर जाऊबाई जितके दिवस राहिल्या, मोकळ्या राहिल्या. वर्ध्याच्या बहिणीशी अबोला होता, तिला बोलावून घेतलं. दोघी दुपारभर भांडायच्या आणि संध्याकाळी एका ताटात जेवायच्या. मुंबईला नेतो म्हणाला मुलगा, तर नाही म्हणाल्या. दुखायचं, फार दुखायचं, त्या औषधाची मात्रा डॉक्टर फोनवरून सांगायचे. रविवारी कधी गाडी घेऊन इतक्या लांबून यायचेसुद्धा. पोर्चमध्ये येरझारा घालत बोलायचे, चहा उभ्यानं प्यायचे. मी दोघांना तिथे सोडून आत जायचे. तेवढं मी शिकले होते.

थंडीत त्या गेल्या. पहाटे, झोपेतच, बहिणीचा हात धरून.

त्यांच्या तेरवीला डॉक्टर आले नाहीत. ऑपरेशन होतं म्हणे. फोन तेवढा केला होता. त्यानंतर त्यांचं येणं झालं नाही. त्यांचं प्रताप नगरचं घर बंद आहे, बाहेर कुणाची तरी स्कूटर लावलेली असते. कॉलेजातही मला आता बोलावत नाहीत. कॉम्प्युटरनं माझं बोलणं इतकं साठवून घेतलं की आजी आपली आपणच बोलते. मॅडम म्हणाली, मावशी, हुबेहूब तुम्ही. मी म्हटलं, बरं झालं, तिला चहा तरी लागत नाही.

मला एवढंच राहून राहून वाटतं, की त्या उतारावर ते नेमकं काय बोलले. कितीतरी डॉक्टरांनी माझ्या कानात ती बातमी सांगितली, वाईट सांगितली, बरी सांगितली. पण ज्या एका वेळी ती खरोखरची सांगितली गेली, तेव्हा मी मागे राहिले. जाऊबाई सांगून गेल्या नाहीत. डॉक्टर भेटले तर मी विचारेन का? नाही विचारणार. त्यांना बसायलाही म्हणणार नाही. पोर्चमध्ये फिरू देईन हवं तितकं, आणि भाकरी, वांग्याची भाजी हातात देईन, उभ्यानं खा म्हणेन. तसा निरोप मी मॅडमकडे ठेवला आहे. पोचला की नाही, देव जाणे.

आणि तुमचं काय? तुम्ही काय पोर्चपर्यंत येऊन निघून जाणारे. जाऊबाईंची खाट तशीच आहे, दुपारचं कुणी भांडायला नाही. माझ्याकडे बोलायला पुष्कळ आहे, ते यंत्रात कशाला साठवू. पुढच्या आठवड्यात या. कळवून आलात तर तुमच्या आवडीचं करून ठेवीन, आणि न कळवता आलात तरी रागावणार नाही. पण लवकर या.